तळेकरांची डायरी

“डायरी कुठल्या खिशात होती गं माझी?”

“डाव्या, वरच्या. बटण लावलेलं,” मी म्हणाले.

“आणि टोपी?”

“काखेत.”

भाऊंनी टोपी काखेत मारली, खिशाचं बटण लावलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि रोजचं वाक्य टाकलं. “सांगलीची माणसं मिरजेला नावं ठेवतात, पण पोटात दुखलं की येतात आमच्याच दवाखान्यात. काय तनूजा, खरं की नाही?”

“खरं आहे, भाऊ.”

हा विनोद मी वर्षभर दर सकाळी ऐकत होते आणि दर सकाळी हसत होते. भाऊ मिरजेचे, मी सांगलीची. साठ माणसांच्या युनिटात भालचंद्र म्हैसाळकरांसारखा नट आपल्याला नावानं हाक मारतो, आपलं गाव लक्षात ठेवून चेष्टा करतो, याचं मला फार अप्रूप होतं. आईला फोनवर हे मी तीन-चारदा तरी सांगितलं असेल.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. मालिकेचं नाव ‘जीपमधली दोघं’. कोल्हापूरच्या बाहेर बंद पडलेल्या एका सूतगिरणीचं ऑफिस आम्ही पोलीस ठाणं म्हणून सजवलं होतं. पाटी इतकी झकास रंगवली होती की आसपासचे लोक खरोखरच्या तक्रारी घेऊन यायचे. कोणाची म्हैस हरवलेली, कोणाचा बांध कोरलेला, कोणाच्या जावयानं मोटरसायकल नेली ती आणलीच नव्हती. भाऊ दिवसभर गणवेशातच असायचे. सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “मोठ्या मॅडम आल्या की कानावर घालतो.”

मोठ्या मॅडम म्हणजे मालिकेतल्या इन्स्पेक्टर ईशा राजवाडे. वयानं लहान, हुद्द्यानं मोठ्या. त्यांच्या हाताखाली हवालदार गणपत तळेकर, निवृत्तीला टेकलेले. मॅडम फोनचे रेकॉर्ड आणि कॅमेऱ्याचं फुटेज तपासून गुन्हेगार शोधायच्या, हवालदार चहाच्या टपरीवर बसून. प्रत्येक भागात एकदा तरी मॅडम वैतागून म्हणायच्या, “तळेकर, बोलू नका. ऑर्डर आहे!” आणि तळेकर “होय मॅडम” म्हणून दुप्पट बोलायचे. त्या बडबडीतच खुन्याचं नाव निघायचं. लोकांना हे भयंकर आवडत होतं.

त्याहून आवडायची ती तळेकरांची डायरी. काळ्या रेक्झिनची, तळहाताएवढी. महत्त्वाचं काही बोलायच्या आधी तळेकर डायरी काढायचे, बोटाला थुंकी लावून पान उलटायचे, त्यात बघायचे आणि मग चष्म्यावरून नजर टाकून बोलायचे. लेखकानं ती लिहिलेली नव्हती. मालिका चार महिन्यांची झाल्यावर भाऊंनीच एक दिवस ती आणली आणि ती तळेकरांना अशी शोभली की विचारू नका. जत्रेत तसल्या डायऱ्या विकायला आल्या होत्या. भाऊ मात्र आपली डायरी कोणाच्या हातात देत नसत. सामानवाल्यांकडेही ठेवत नसत. जुन्या नटांच्या असतात अशा श्रद्धा, असं आम्ही धरून चाललो होतो.

पडद्यावरची ही जोडी घरोघरी पोचली होती. सेटवर मात्र दोघांतून विस्तव जात नव्हता.

ईशाचं काम करणारी शाल्मली बर्वे नाशिकची, इंजिनिअरिंग अर्धवट सोडून आलेली, जिभेला धार. त्याआधी वर्षभर, जीपमधला एक सीन चालू असताना तिनं मध्येच गाडी थांबवली, खाली उतरली आणि अख्ख्या युनिटसमोर ओरडली, “या माणसाशेजारी बसून मी बोलणार नाही! तंबाखूचा वास येतो. यांची वाक्यं वेगळी घ्या, माझी वेगळी घ्या.” भाऊ जीपमध्ये मान खाली घालून बसून राहिले. चाळीस वर्षं नाटकात घालवलेला माणूस, एका शब्दानं उलटून बोलला नाही. खरं तर भाऊ तंबाखू खातच नव्हते. बडीशेपेची डबी असायची त्यांच्याजवळ. मला वाटलं, पोरगी नुसती उर्मट नाही, खोटारडीही आहे.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं वेगवेगळं चित्रित होऊ लागलं. एका चौकटीत दोघं दिसायचे ते लांबून आणि गप्प. बोलायचं असलं की एकटे भाऊ किंवा एकटी शाल्मली. समोर नट नसेल तर त्याची वाक्यं कॅमेऱ्याशेजारी उभं राहून कोणीतरी म्हणावी लागतात, म्हणजे दुसऱ्याला उत्तर देता येतं. त्याला आम्ही क्यू देणं म्हणतो. ते काम माझं. सकाळी मी ईशा राजवाडे होऊन भाऊंवर डाफरायची, दुपारी तळेकर होऊन शाल्मलीची बोलणी खायची. लोक ज्या जोडीवर जीव टाकत होते, तिच्यातल्या दोघांच्याही समोर खरी उभी होते मी.

माझं मुख्य काम कंटिन्युइटीचं. आधीच्या शॉटमध्ये कप कुठल्या हातात होता, शर्टाचं कितवं बटण उघडं होतं, लिहिलेलं वाक्य काय आणि नटानं प्रत्यक्षात म्हटलं काय, हे सगळं शीटवर टिपायचं. या कामात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी भाऊंच्या गणवेशाची घडी मी सांगितली असती.

शाल्मलीच्या तक्रारींची यादी मात्र संपत नसे. सीनचे कागद आदल्या संध्याकाळीच पाहिजेत, नाहीतर ती सेटवर पाय ठेवणार नाही. आमच्याकडे कागद ऐनवेळी येणार हे ठरलेलं, त्यामुळे लेखक तिच्या नावानं बोटं मोडायचा. एकदा आलेल्या सीनमध्ये एक शब्द बदललेला तिला चालायचा नाही. मेकअपची खोली भाऊंच्या शेजारचीच पाहिजे, कारण तिकडे म्हणे ऊन येत नाही. सकाळी सगळ्यांच्या आधी अर्धा तास यायची आणि आल्या आल्या चहावरून कुरकुर सुरू. चहापाणी बघणारा स्पॉटदादा शिवा म्हणायचा, “बाईंच्या नाकावर माशी बसायला गेली तर तिलापण आधी अर्ज द्यावा लागंल.”

मालिका संपवायचं ठरलं तेव्हा आमचे दिग्दर्शक हर्षद टिपणीस मला म्हणाले, “तनूजा, शेवटच्या भागात ही दोघं एका फ्रेममध्ये समोरासमोर बोलताना पाहिजेत मला. लोक वर्षभर वाट बघतायत. तू दोघांचीही लाडकी आहेस, जमवून दाखव. पुढच्या मालिकेचं दुसरं युनिट तुझं.”

दुसरं युनिट म्हणजे स्वतः कॅमेऱ्यामागे उभं राहून “ॲक्शन” म्हणायचं. त्यासाठीच मी सांगली सोडली होती. दोन दिवस डोकं खाजवून मी कल्पना काढली. तळेकर निवृत्त होतात. ठाण्याच्या अंगणात, जीपसमोर, ते आपली डायरी ईशा मॅडमच्या हातात देतात. मग डायरीशिवाय, पहिल्यांदाच, मनातलं बोलतात. सलाम करतात आणि फाटकातून चालत निघून जातात. सगळं एकाच शॉटमध्ये, मध्ये कुठेही न तोडता.

टिपणिसांनी माझी पाठ थोपटली. लेखकानं भाषण सुंदर लिहिलं.

भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी खिशावरून हात फिरवला. मग म्हणाले, “करू की. शेवटचा आहे. समोरासमोर करू.”

शाल्मलीनं अपेक्षेप्रमाणे घर डोक्यावर घेतलं. “डायरी त्यांच्याकडेच राहू दे. मला कोणाची थुंकी लावलेली वस्तू हातात घ्यायची नाही.” टिपणीस बधले नाहीत. ती दोन दिवस फुगून बसली आणि तिसऱ्या दिवशी, कोण जाणे कशी, तयार झाली. मला वाटलं, जमवलं आपण.

शेवटच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. चॅनेलचे लोक आले होते, दोन-तीन पत्रकार होते, भाऊंच्या जुन्या नाटकांतली मंडळी मुद्दाम मिरजेहून आली होती. त्यांतले एक म्हातारे गृहस्थ मला सांगत होते, “अहो, आमचा भालू एकपाठी. तीन अंकांचं नाटक एका रात्रीत उभं केलंय त्यानं. प्रॉम्प्टरला घरी पाठवायचा.”

शॉट चारचा होता. तीन वाजता टिपणीस म्हणाले, “डायरी हातात दिल्यावर मॅडम ती उघडणार. पानावर काय दिसेल ते बघून ठेव. कोरी पानं असतील तर काहीतरी खरडून घे.”

भाऊ मेकअपला बसले होते आणि गणवेशाचा शर्ट त्यांच्या खोलीत हँगरला होता. वर्षभरात मी कधी त्यांच्या वस्तूला हात लावला नव्हता. पण काम होतं. खिशाचं बटण काढलं, डायरी उघडली.

पानं कोरी नव्हती. मोठ्या, सुट्या, ठसठशीत अक्षरांत भाऊंची वाक्यं लिहिलेली होती. एका पानावर एकच वाक्य. रोजची तारीख, वार, सीन. खाली कोण कुठे उभं असेल ते. हिरवी शाई होती. हिरव्या पेनानं लिहिणारी युनिटात एकच होती, तिच्या तक्रारी मी वर्षभर कॉलशीटच्या, म्हणजे रोजच्या वेळापत्रकाच्या, समासात वाचत होते.

पहिल्या पानावर माणसांची यादी होती.

‘दाढीवाले – टिपणीस, दिग्दर्शक. कानाला यंत्र – इलाहीभाई, आवाज. चहा – शिवा.’

आणि त्याखाली: ‘चष्मा, वही घेतलेली मुलगी – तनूजा. सांगलीची. रोज नावानं हाक मारा. मिरजेच्या दवाखान्याचा विनोद करा, तिला आवडतो.’

मी ते दोनदा वाचलं. मला रडू आलं नाही. खोटं कशाला सांगू, मला आधी अपमान झाल्यासारखं वाटलं.

“वाचलीस?”

दारात शाल्मली उभी होती. पूर्ण गणवेशात, खांद्यावर तारे. तिनं आत येऊन दार लोटलं आणि डायरीसाठी हात पुढे केला. मी दिली.

“किती दिवस?” मी विचारलं.

“तो जीपचा सीन आठवतो? मी उतरून ओरडले तो?”

“तंबाखूचा.”

“त्या दिवशी गाडी चालू असताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, ‘बाई, आपण कुठं चाललोय?’ मला वाटलं वाक्य चुकलं. तर परत म्हणाले, ‘तुम्ही कोण, आणि मी या पोलिसाच्या कपड्यात कसा?’ घामानं भिजले होते. पुढच्याच वळणावर सगळं युनिट उभं होतं. अजून मिनिटभर गेलं असतं तर साठ माणसांसमोर हे झालं असतं. मग मी गाडी थांबवली आणि भांडले. दुसरं काही सुचलं नाही मला.”

“त्यांना आठवतं ते?”

“सांगितलं मी संध्याकाळी. रडले. मग म्हणाले, ‘पोरी, वास येतो म्हणालीस ते बरं केलंस, कोणाला शंका येणार नाही.’” ती किंचित हसली. “डॉक्टर म्हणाले, कामावर जाऊ द्या, रोजचं वेळापत्रक मोडू नका. घरी बसले तर लवकर संपतील. मालिका संपेपर्यंत कोणाला कळू द्यायचं नाही, एवढंच मागितलं त्यांनी. म्हणाले, ‘लोकांनी मला विसरलं तरी चालेल, पण विसराळू म्हणून लक्षात ठेवायला नको.’”

आदल्या संध्याकाळचे कागद. न बदलायचे शब्द. शेजारची खोली. सकाळचा अर्धा तास. वर्षभर मी रोज तपासाच्या मालिकेवर काम करत होते आणि हे सगळं माझ्या नाकासमोर होतं. मी टिपून ठेवलं होतं ते एवढंच, की डायरी डाव्या खिशात असते.

“आज डायरी देऊन टाकायची कल्पना कोणाची होती?” तिनं विचारलं.

“माझी.”

ती डायरीची कड नखानं खरवडत राहिली.

“कल्पना चांगली आहे,” ती शेवटी म्हणाली. “तीच तर पंचाईत आहे. त्यांनाही आवडली. म्हणाले, एकदा तरी तुझ्यासमोर उभं राहून, वहीत न बघता बोलतो. दहा दिवस पाठ करतायत. सकाळी पाचपैकी तीन वेळा आलं.”

“मी टिपणीस सरांना सांगते. तोडून घेऊ. दोन शॉटमध्ये.”

“काय कारण सांगशील?”

खरं कारण एकच होतं आणि ते सांगायचं नव्हतं.

“तू फक्त तुझं काम कर,” ती म्हणाली. “नेहमीसारखी उभी राहा. त्यांना तुझा चष्मा दिसला की बरं वाटतं.”

तरीही मी टिपणिसांकडे गेले. म्हटलं, उन्हाचा त्रास होईल भाऊंना, दोन तुकड्यांत घेऊया का? ते म्हणाले, “वेड लागलंय का? तुझाच शॉट आहे ना हा?” मी परत फिरले. अजून जोर लावता आला असता. पाय दुखतोय म्हणता आलं असतं, कॅमेऱ्यात काही बिघाड काढता आला असता. पण तो शॉट मलाही हवा होता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

चार वाजता सगळे शांत झाले. एका बाजूला जीप, समोर फाटक, मध्ये दोघं. मी कॅमेऱ्याशेजारी, कानावर इलाहीभाईंनी दिलेला हेडफोन, हातात शीट.

“ॲक्शन.”

पहिली चार वाक्यं भाऊंनी अशी टाकली की मिरजेच्या मंडळींनी एकमेकांकडे बघितलं. आवाज भरलेला, प्रत्येक शब्द स्वच्छ. “मॅडम, ही ठेवा तुमच्याकडं. यात अठ्ठावीस वर्षांची माणसं आहेत.” त्यांनी खिशाचं बटण काढलं, डायरी दिली. शाल्मलीनं दोन्ही हातांनी घेतली.

आता भाषण.

भाऊंनी तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा हात वर गेला आणि डाव्या खिशात शिरला. खिसा रिकामा होता. बोटं आत चाचपडत राहिली. माझ्या हातात घड्याळ होतं, अकरा सेकंद गेले. टिपणीस माझ्या कानाशी पुटपुटले, “काय सायलेन्स घेतलाय!” भाऊंची नजर माझ्याकडे वळली. माझ्या चष्म्यावरून पुढे सरकली. त्यांनी मला ओळखलं नाही. भर अंगणात, चाळीस वर्षांच्या सोबत्यांसमोर, तो माणूस एकटा पडला होता आणि माझ्याच कल्पनेनं पडला होता.

“तळेकर,” शाल्मली म्हणाली, “बोलू नका. ऑर्डर आहे.”

हे कागदात नव्हतं.

“आज तरी ऐका माझं. एक शब्द बोलायचा नाही. हात खाली घ्या.” भाऊंचा हात खिशातून खाली आला. “मला ठाऊक आहे तुम्ही काय बोलणार ते. वर्षभर तेच ऐकतेय. तुम्ही म्हणणार, मॅडम, चोर पळताना मागं बघतो आणि साधा माणूस बघत नाही, असं मला साहेबांनी शिकवलं होतं. खोटं आहे ते. मागं सगळेच बघतात. मीही आज बघणार. तुम्ही बघू नका, तुम्हाला अजून लांब जायचंय.” ती हुबेहूब तळेकरांच्या ढंगात बोलत होती, मानेला तोच झटका, शेवटच्या शब्दावर तोच भार. “पुढे म्हणणार, मी गेल्यावर टपरीवर चहा प्यायला जात चला. चहा वाईट आहे, माणसं चांगली आहेत. आणि शेवटी म्हणणार, जीप जरा हळू चालवा. हेच ना? आलं सगळं?”

भाऊ तिच्याकडे एकटक बघत होते. कुठेतरी त्या शब्दांना त्यांनी ओळखलं असावं. मान हलवली. ओठांवर हसू आलं.

“होय मॅडम,” ते म्हणाले.

मग त्यांनी टोपी घातली आणि सलाम केला. तो कोणी शिकवावा लागला नाही. टाचा जुळल्या, हात कपाळाशी गेला आणि काटेकोर थांबला.

आता फाटकाकडे जायचं होतं. भाऊ वळले आणि सरळ जीपकडे गेले. नेहमीच्या जागेवर, डाव्या बाजूला चढून बसले. मांडीवर हात ठेवून समोर बघू लागले.

टिपणिसांनी “कट” म्हणायला तोंड उघडलं होतं. शाल्मलीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. ती जीपला वळसा घालून गेली, स्टिअरिंगमागे बसली, किल्ली फिरवली. जीप फाटकातून बाहेर पडली. कॅमेरा त्यांच्यामागे फिरत राहिला.

दोघांच्या शर्टांना माइक होते. माझ्या कानात भाऊंचा आवाज आला, तळेकरांचा नव्हे, भाऊंचा. “बाई, आपण कुठं चाललोय?”

“घरी,” शाल्मली म्हणाली. “ऊन लागतंय का? टोपी पुढं घ्या जरा.”

इलाहीभाईंनीही ऐकलं होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बोटानं आवाज हळूहळू खाली नेला.

टिपणीस “कट!” म्हणाले आणि उडी मारूनच उठले. जीपमधला शेवट त्यांना इतका आवडला की तो त्यांना स्वतःलाच सुचला होता असं संध्याकाळपर्यंत त्यांचं मत झालं. पण अंगणातल्या बाकीच्यांनी दुसरंच बघितलं होतं. मिरजेचे म्हातारे गृहस्थ रागानं म्हणाले, “भालूचं शेवटचं भाषण! तेसुद्धा तिनं खाल्लं!” शिवा थुंकला. चॅनेलच्या बाईंनी टिपणिसांना विचारलं, “संवाद ऐनवेळी कोणी बदलले? नीट रिपोर्ट पाठवा मला.” एक पत्रकार वहीत भराभर लिहीत होता.

“पुन्हा घ्यायचा का?” कोणीतरी विचारलं.

“नाही,” मी म्हणाले. इतक्या मोठ्यानं, की सगळे माझ्याकडे बघायला लागले. “कंटिन्युइटी ओके आहे. सावली पुढे गेली. पुन्हा जमणार नाही.”

सावली कुठेही गेली नव्हती. टिपणीस म्हणाले, “ओके, पॅकअप.”

अर्ध्या तासानं जीप परत आली. भाऊंना शूटिंग बघायला आलेल्या त्यांच्या मुलानं खोलीत नेलं. शाल्मली जीपमध्येच बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी शीट घेऊन तिच्यापाशी गेले. शेवटचा रकाना भरायचा राहिला होता. लिहिलेला संवाद, बोललेला संवाद आणि बदलाचं कारण, असे तीन रकाने असतात. ही शीट टिपणिसांकडून थेट चॅनेलकडे जाणार होती.

“मॅडम, मी खरं लिहू का?” मी विचारलं. “आता मालिका संपली.”

“आज संपली. दाखवणार पुढच्या आठवड्यात.” तिनं एक बूट काढून बाजूला ठेवला. “आणि मी त्यांना शब्द दिलाय. त्यांनी मागितला तो मालिकेपुरता, मी दिला तो तेवढ्यापुरता नाही.”

“लोक काय म्हणतायत ऐकलंत का?”

“ऐकलं. म्हणू देत. वर्षभर म्हणतायतच. तेच तर कामाला आलं.”

“पण तुम्हाला पुढे—”

“तनूजा, लिही. ‘शाल्मली बर्वेंनी हट्टानं सहकलाकाराचे संवाद स्वतः घेतले. समजावूनही ऐकलं नाही.’” तिनं दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. “‘हट्टानं’ नक्की घाल. म्हणजे कोणी जास्त विचारणार नाही.”

मला पुढच्या मालिकेचं दुसरं युनिट मिळालं. शाल्मलीला त्यानंतर मराठीत धड काम मिळालं नाही. आता ती नाशिकला एका शाळेत मुलांची नाटकं बसवते. भाऊ आणखी सहा वर्षं घरी होते आणि त्यांच्या मुलाच्या सांगण्यावरून मला कळलं की महिन्यातून दोनदा नाशिकहून एक बाई यायची, खुर्चीत बसून डायरी वाचून दाखवायची आणि जायची. भाऊ गेल्यावर शोकसभा झाली. शाल्मली आली नाही, त्यावरही लोक बोलले. त्या शोकसभेत मी भाषण केलं. त्यात जीपचा शेवट सांगितला, बाकी काही सांगितलं नाही. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, “आठ वर्षं झाली की गं त्यांना जाऊन. त्यांच्या मुलानंच सांगितलंय, आता बोललात तरी चालेल.” मी विचारलं, कोणाला सांगू? ती म्हणाली, “मला काय विचारतेस? तुझं तू बघ.” म्हणून आज लिहिते आहे.

त्या दिवशी मात्र मी जीपच्या बॉनेटवर शीट ठेवली, पेन उघडलं आणि कारणाच्या रकान्यात ती म्हणाली तसं लिहिलं, ‘हट्टानं’ हा शब्द घालून. खाली माझी सही केली. माझं अक्षर पहिल्यापासून चांगलं आहे. वाचायला कोणालाच अडचण आली नाही.